अमेरिकेचा इतिहास बेळगावात कशाला? पालकांना एक पत्र

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

पत्र लांबलंय हे मलाच कळतंय, जागा नसेल तर कात्री लावा, फक्त कापसाचा भाग तेवढा ठेवा, तो आपल्याकडचाच आहे.

त्याचं असं झालं, आमच्या गल्लीतल्या वाचनालयाच्या माडीवर दर रविवारी सकाळी ९ ते ११ सहावी ते आठवीच्या पोरांसाठी एक वर्ग घेणार म्हणून मी व्हॉट्सॲप ग्रुपवर चार ओळी टाकल्या. विषय अमेरिकेचा इतिहास, फी काही नाही, झेरॉक्सचे तेवढे पैसे. झालं, दुपारपर्यंत फोनला उसंत नाही. एक जण म्हणाला, "सर, शिवाजी महाराजांचं सोडून हे काय नवीन काढलासा?" एका ताईंना वाटलं ह्यानं पुढं व्हिसाला उपयोग होईल. एसएसएलसीला, म्हणजे दहावीला, ह्याचे मार्क किती, हे तर सगळ्यांनीच विचारलं. एकेकाला फोनवर सांगून घसा बसला म्हणून म्हटलं एकदाच पेपरात लिहावं, गल्लीत पेपर सगळे वाचतात, निदान शेजारच्याचा तरी.

ही कल्पना माझी नाही. माझी पुतणी तिकडं अमेरिकेत असते, तिची मुलगी आठवीला गेली तेव्हा शाळेच्या पहिल्याच आठवड्यात इतिहासाच्या बाईंचं घरच्यांना पत्र आलं. वर्षभर काय शिकवणार, कुठनं सुरुवात आणि कुठपर्यंत, त्यात गुलामगिरी येणार, मूळ रहिवाशांना हाकलल्याचं येणार, मुलं घरी येऊन प्रश्न विचारतील तेव्हा टाळू नका, वाचून खाली सही करा आणि परत पाठवा. पुतणीनं मला फोटो पाठवला तो मी दोनतीनदा वाचला. मी तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला पण असं पत्र एकाही पालकाला लिहिलं नाही, पालकांना आम्ही बोलवायचो ते पोरगं नापास झालं की. तर हे माझं ते पत्र समजा. सही करून परत पाठवायची गरज नाही.

आता अमेरिकाच का. खरं कारण सांगतो, थोडं कडू आहे. आपल्याकडचा इतिहास पोरगं शाळेत यायच्या आधीच घरात ठरलेला असतो. आपला कोण, त्यांचा कोण, १ नोव्हेंबरला लाल-पिवळा झेंडा घ्यायचा की काळी पट्टी बांधायची, हे दहा वर्षांच्या पोराला पाठ. मी कुणाला नावं ठेवत नाही, मीही त्यातलाच, आमच्या वडलांनी बेळगाव कर्नाटकाकडं गेलं ते १९५६ साल बघितलंय आणि ते शेवटपर्यंत त्यावर बोलायचे. पण अशा पोराला तुम्ही म्हटलात की पुरावा बघ, तर ते पुरावा बघत नाही, घरच्यांचं तोंड बघतं. तेच दुसऱ्याच्या बांधाचं भांडण असलं की माणूस डोकं शांत ठेवून बघतो, दोन्ही बाजू ऐकतो, वर आणि शहाणपणाचे चार शब्द पण सांगतो. बोस्टनमध्ये आपलं कोण आहे? कुणी नाही. म्हणून बोस्टन.

गेल्या वर्षी अकरा पोरांवर ट्रायल घेतली तेव्हा काय झालं ते सांगतो. ५ मार्च १७७०, बोस्टन शहर, थंडी, रस्त्यावर बर्फ, जमाव चिडलेला, इंग्रज सोल्जरांवर बर्फाचे गोळे न् काठ्या, मग गोळीबार आणि पाच माणसं मेली. पॉल रिव्हिअर म्हणून एक चांदीकाम करणारा होता, त्यानं त्याचं चित्र छापून काढलं, त्यात सोल्जर एका रांगेत उभे, मागनं ऑफिसर हुकूम देतोय आणि समोर बिचारी निःशस्त्र माणसं. ते चित्र मी आधी वाटलं. पोरं भडकली, फाशी द्या म्हणाली. पुढच्या रविवारी कोर्टातल्या साक्षी वाचून दाखवल्या, त्यात नुसता गोंधळ, ढकलाढकली, "फायर" कोण ओरडलं ह्यावर दोन साक्षीदारांचं जुळत नाही. आणि त्या सोल्जरांचं वकीलपत्र घेतलं कुणी तर जॉन ॲडम्सनं, जो स्वतः इंग्रजांच्या धोरणाच्या विरोधातला, पुढं अमेरिकेचा दुसरा प्रेसिडेंट झाला तो. आठ सोल्जरांपैकी सहा सुटले, दोघांना मनुष्यवधाबद्दल अंगठ्यावर डाग दिला. वर्ग गप्प. मग सातवीतली एक पोरगी म्हणाली, "सर, हे चित्र म्हणजे फॉरवर्डच की त्यावेळचं." मला तिथल्या तिथं वर्ग सोडून चहा प्यावासा वाटला, एवढं बरं वाटलं.

पण हे नेहमी असं गोड जात नाही हेही सांगायला पाहिजे. कॉर्नवॉलिसचं घ्या. हा इंग्रज सेनापती अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात १९ ऑक्टोबर १७८१ ला यॉर्कटाऊनला वॉशिंग्टनच्या आणि फ्रेंचांच्या फौजेपुढं शरण आला, तोही स्वतः पुढं आला नाही, तब्येत बरी नाही सांगून हाताखालच्याला पाठवलं. पोरं हसली, टाळ्या पण वाजवल्या. मग मी विचारलं हा पुढं कुठं गेला असेल? १७८६ ला हाच कॉर्नवॉलिस गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्यात आला आणि १७९२ ला ह्यानंच श्रीरंगपट्टणला टिपूला तहावर आणलं, अर्धं राज्य घेतलं न् टिपूची दोन मुलं ओलीस ठेवून घेतली. त्याच्या बाजूनं निजाम होता आणि पेशव्यांची फौज होती, हरिपंत फडके, परशुरामभाऊ पटवर्धन. परशुरामभाऊ तर त्याआधी कित्येक महिने इथं धारवाडच्या किल्ल्याला वेढा घालून बसलेले, बरोबर इंग्रजांची तुकडी, १७९१ च्या एप्रिलात किल्ला पडला. बेळगावातनं दीड-दोन तासावर धारवाड. मागच्या बाकावरनं एक पोरगा हळूच म्हणाला, "म्हणजे सर आपण कॉर्नवॉलिसच्या बाजूनं होतो?" ह्याला मी उत्तर दिलं नाही. देणारही नाही. तेव्हाच्या पेशव्यांना काय दिसत होतं, टिपूची भीती किती खरी होती, इंग्रज पुढं काय करणार हे तेव्हा कुणाला कळण्यासारखं होतं काय, हे पोरं वहीत लिहून आणली, आणि खरं सांगतो, अकरा वह्यांत अकरा वेगळी उत्तरं होती. आधी यॉर्कटाऊनला टाळ्या वाजवल्या नसत्या तर हा प्रश्न त्या पोराला सुचलाच नसता.

दुसऱ्या दिवशी एका पालकांचा फोन, पोरगं उलट बोलायला लागलंय, आजोबांना म्हणतं तुम्हाला कसं माहीत. त्यावर काय बोलणार. मी म्हटलं आजोबांना विचारू द्या की, त्यांनाही जरा आठवावं लागेल.

शाळेच्या पुस्तकात अमेरिकेची क्रांती येते ती थोडक्यात, बोस्टनच्या चहाच्या पेट्या समुद्रात टाकल्या आणि स्वातंत्र्य मिळालं. चहा कुणाचा होता हे पोरांच्या डोक्यात बसत नाही. तो आपल्याच ईस्ट इंडिया कंपनीचा, ३४२ पेट्या, १६ डिसेंबर १७७३. आसामचा नव्हे हं, आपल्याकडं चहाचे मळे त्यानंतर पन्नाससाठ वर्षांनी आले, तो चीनचा होता. त्याच वर्षी ऑगस्टात शनिवारवाड्यात नारायणरावाचा खून झाला. एका बाजूला वहीत पुणे, दुसऱ्या बाजूला बोस्टन, असं वर्षवार लिहायला लावतो, पोरांना आवडतं. वॉशिंग्टनचंही तसंच, पुतळ्यातला वॉशिंग्टन नको, तंबाखू पिकवणारा शेतकरी सांगतो. व्हर्जिनियातला माल लंडनच्या दलालाकडं पाठवायचा, भाव दलाल सांगेल तो, वर त्याच्याकडनंच कोट-बग्गी उधारीवर मागवायची, शेवटी कर्ज अंगावर आलं तेव्हा तंबाखू सोडून गव्हाकडं वळला. निपाणीच्या माणसाला ह्यात समजावून सांगण्यासारखं काही नाही, १९८१ ला तंबाखूच्या भावासाठी हायवेवर बसलेली माणसं अजून तिथं आहेत. फक्त एक विसरायचं नाही, वॉशिंग्टनच्या शेतात राबत होते ते गुलाम.

आणि इथनं पुढं जे येतं ते पालकांनी आधीच ऐकून ठेवावं. ४ जुलै १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात सगळी माणसं जन्मतः समान असं लिहिणारा जेफरसन, त्याच्या मालकीचे आयुष्यभरात सहाशेच्या वर गुलाम होते. १७८७ ला फिलाडेल्फियात संविधान लिहिलं, सुरुवात "आम्ही लोक" अशी, आपल्या संविधानाची सुरुवात वाचताना पोरांना लगेच ओळख पटते, पण त्यातच माणसं मोजताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसं असा हिशेब घातला, कारण दक्षिणेच्या राज्यांना जास्त खासदार पाहिजे होते पण गुलामांना मत द्यायचं नव्हतं. हे मी गाळणार नाही. तिथल्या मूळ रहिवाशांपैकी चेरोकी लोकांचंही गाळणार नाही. त्यांच्यातल्या सिक्वोया नावाच्या माणसानं, ज्याला इंग्रजी लिहावाचायला येत नव्हतं, १८२१ पर्यंत स्वतःच्या भाषेसाठी लिपी तयार केली, आपल्या बाराखडीसारखी, एका अक्षरात अख्खा उच्चार, आणि १८२८ ला त्यांचा चेरोकी आणि इंग्रजी अशा दोन भाषांतला पेपर निघाला. आपल्या बाळशास्त्री जांभेकरांचा दर्पण मराठी-इंग्रजी, १८३२ चा, म्हणजे चार वर्षांनी नंतर. १८३२ लाच अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं जॉर्जिया राज्याच्या विरोधात चेरोकींच्या बाजूनं निकाल दिला. उपयोग काय झाला? १८३८ ला सैन्य आलं, हजारो लोकांना घरातनं बाहेर काढून मिसिसिपीपलीकडं नेलं, वाटेत न् छावण्यांत चार हजाराच्या आसपास मेले असा अंदाज आहे. कोर्ट जिंकूनही. ह्या धड्याला आमच्या भागातली पोरं कशी ऐकतात ते तुम्ही एकदा येऊन बघा.

मेक्सिकोचं मात्र मला धडधडतच शिकवावं लागतं. युद्धानंतरच्या २ फेब्रुवारी १८४८ च्या तहानं मेक्सिकोचा निम्म्याच्या आसपास मुलूख अमेरिकेकडं गेला, कॅलिफोर्निया वगैरे, आणि तिथली स्पॅनिश बोलणारी माणसं होती तिथंच राहिली, सीमा मात्र त्यांच्या घरावरनं पुढं सरकली. एक वर्षात ठरवायचं, मेक्सिकोचे नागरिक राहायचं की नाही, काही बोलला नाहीत तर अमेरिकेचे झालात. १८४९ च्या कॅलिफोर्नियाच्या संविधानात सगळे कायदे इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्हीत छापायचे असं कलम होतं. १८७९ ला नवीन संविधान केलं तेव्हा ते गेलं. हे सांगून संपतंय न संपतंय तोवर येळ्ळूरकडचा एक पोरगा, "म्हणजे सर, त्यांचाबी जमिनीचा उतारा दुसऱ्या भाषेत यायला लागला की." वर्ग हसला, पण तो हसत नव्हता.

वर्गात दोन पोरं घरी कन्नड बोलणारी आहेत, हुशार आहेत. त्यातल्या एकाच्या वडलांचा मला फोन आला होता, "मेष्ट्रे, अमेरिकेच्या नावाखाली गडीचं (सीमेचं) राजकारण शिकवणार नाही ना?" त्यांची शंका रास्त होती. म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहितो. तिथला मुलूख युद्धानं गेला, इथली रचना १९५६ ला पार्लमेंटच्या कायद्यानं झाली, त्याच्यावरचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. हा फरक ज्या पोराच्या वहीत नाही त्याला मी वही परत देतो, मग ते कुठल्याही घरातलं असो. पण भाषा बदलली की कचेरीत म्हाताऱ्या माणसाचं काय होतं हा प्रश्न मी दाबणार नाही, कारण तो कॅलिफोर्नियात पण खरा होता. ते गृहस्थ पुढच्या रविवारी येऊन मागच्या बाकावर बसले. दोन तास बसले. जाताना काही बोलले नाहीत, पण पोराला पाठवत राहिले.

आता कापूस. १७९३ ला एलि व्हिटनीनं सरकी काढायचं यंत्र केलं, त्यामुळं माणसांचे कष्ट कमी व्हायला पाहिजेत की नाही? झालं उलटं. सरकी झटपट निघायला लागली म्हणून कापूस लावणं परवडायला लागलं, म्हणून आणखी जमीन, म्हणून आणखी गुलाम, १८६० च्या खानेसुमारीत ३९ लाखांच्या वर माणसं गुलाम म्हणून लिहिलेली आहेत. तो कापूस जायचा इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना. १८६१ ला उत्तर आणि दक्षिणेत युद्ध पेटलं, उत्तरेकडच्या प्रेसिडेंट लिंकनच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं अडवली, गिरण्या बसल्या, आणि सगळ्यांची नजर वळली मुंबई इलाख्याकडं. धारवाडच्या काळ्या रानात त्याच्या वीसेक वर्षं आधीच कंपनीनं अमेरिकेतनं बी आणून लावून बघितलेलं, तिकडचे प्लँटर सुद्धा आणलेले, त्या कापसाला बाजारात नावच धारवार-अमेरिकन. भाव चढले ते असे की मुंबईत शेअरचं वेड लागलं, शेअर दलाल प्रेमचंद रायचंदचं नाव तेव्हाचंच. आणि १८६५ ला तिकडं युद्ध संपलं, इकडं भाव कोसळला. शेतकऱ्यानं चढत्या भावावर काढलेलं कर्ज आणि चढत्या भावावर बसलेला सारा, दोन्ही तसंच राहिलं. पुढं दहा वर्षांनी, १८७५ ला, पुणे-नगरकडं शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, त्याला बाकीची कारणंही होती पण हे एक होतंच. तिकडं गुलामाची सुटका झाली ही चांगली गोष्ट आणि इकडं तिची झळ बसली, दोन्ही एकाच वेळी खरं असतं हे आठवीच्या पोराला कळतं, मोठ्या माणसाला जरा वेळ लागतो. एका पोराचं आजोळ बैलहोंगलकडं, तो सुट्टीत जाऊन आजोबांना विचारून आला तर आजोबांनी त्याला जयधर कापूस, त्याची वेचणी, अडत, वखार सगळं दोन तास सांगितलं. आई म्हणाली, आजोबा एवढं बोललेले मी लग्नानंतर पहिल्यांदा ऐकलं.

शिवाजी महाराजांचं विचारणाऱ्यांना आणि आपल्याकडचं काय म्हणणाऱ्यांना एवढंच, जोतीराव फुल्यांनी १८७३ ला 'गुलामगिरी' लिहिलं ते अर्पण केलंय अमेरिकेतल्या गुलामी बंद करणाऱ्या सदाचारी लोकांना. पुण्यात बसून त्यांना हा इतिहास आपल्या कामाचा वाटला होता. आनंदीबाई जोशी १८८६ ला डॉक्टर झाल्या त्या फिलाडेल्फियातच. बाबासाहेब शिकायला १९१३ ला न्यूयॉर्कला गेले. म्हणजे मी काही नवीन काढलेलं नाही.

शेवटचे दोन-तीन रविवार विसाव्या शतकासाठी ठेवलेत, त्यात रुबी ब्रिजेसची गोष्ट आहे, ती मात्र घरी बोलली जाणार म्हणून आधी सांगतो. न्यू ऑर्लिन्समध्ये १४ नोव्हेंबर १९६० ला सहा वर्षांची ही काळी मुलगी गोऱ्यांच्या शाळेत गेली, बरोबर सरकारचे मार्शल, रस्त्यावर ओरडणारी माणसं. गोऱ्या पालकांनी पोरं काढून नेली आणि वर्षभर एका बाईंनी एकट्या रुबीला शिकवलं. गेल्या वर्षी हे सांगितल्यावर एका पोरीनं विचारलं, सर आपल्या गावात असं होतं काय, आणि दुसरीनं तिच्याकडं न बघता सांगितलं, पाण्याच्या तांब्याचं आमच्या आजीला विचार. मी खडू खाली ठेवला. हा प्रश्न तुमच्या घरी आला तर कृपा करून "अभ्यास कर" म्हणून उठवून लावू नका.

बाकी किरकोळ. भाषा मराठी, नावं आणि साली तेवढ्या इंग्रजीतनं पण लिहून घेतो. परीक्षा नाही, सर्टिफिकेट नाही, एसएसएलसीला एक मार्क मिळणार नाही. शंभर पानी वही एक. कुठल्याही पालकानं कधीही येऊन मागं बसावं, मोबाईल सायलेंटवर, आणि पोरगं चुकलं तर मागनं उत्तर सांगायचं नाही, हे मुद्दाम लिहितोय, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. दसऱ्यापर्यंत क्रांती संपवायचा विचार आहे, मधे गणपतीचे दोन रविवार सुट्टी, मंडळाची पोरं तशीही येणार नाहीत.

पहिल्या रविवारी येताना प्रत्येकानं घरातल्या भाजीच्या बुट्टीतनं किंवा डब्यातनं एक वस्तू आणायची, जी कोलंबस १४९२ ला तिकडं पोचायच्या आधी आपल्याकडं नव्हती. बटाटा, रताळं, टोमॅटो, मका, भुईमुगाच्या शेंगा, काजू, काय सापडेल ते. आजीला विचारलं तर ती म्हणेल हे सगळं आपलंच, पिढ्यान्पिढ्याचं, तर म्हणू द्या. मिरची देणार असाल तर कागदात गुंडाळून द्या. गेल्या वर्षी एकानं संकेश्वरी मिरची तशीच खिशात घालून आणली, वरनं डोळ्याला हात लावला, आणि अमेरिकेच्या इतिहासाचा पहिला अर्धा तास आम्ही सगळे खाली नळावर होतो.

आपला,
एक निवृत्त इतिहास शिक्षक,
वडगाव, बेळगाव